कोई पाळायचाय? आधी पाण्याचा हिशेब मांडा

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सुटीच्या दिवशी गेलात, तर पाण्यापाशी हमखास गर्दी दिसते. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर हे उद्यान उभं राहिलं आहे. तिथल्या संथ पाण्यातले रंगीत मासे बघून मुलं हलायला तयार होत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही नाहीत. मग घरी परतताना विषय निघतो, आपल्याकडेही असा एक छोटा हौद करूया का?

रावेत, मोशी, चऱ्होली, तळेगाव, चाकण या पट्ट्यातून वाचकांचे जे प्रश्न येतात ते फिरून फिरून तेच असतात. गॅलरीत टब ठेवला तर कोई जगेल का? बोअरचं पाणी चालतं का? दुकानातून आणलेले मासे आठवड्यात मेले, पैसे परत मिळतील का? सोसायटीची परवानगी लागते का? म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहीत आहे.

आधी बघायला शिका

कोई हा मूळचा साधा कार्प मासा. आपल्या मासळी बाजारात ‘सायप्रिनस’ नावाने विकला जातो, त्याचाच हा देखणा नातलग. जपानच्या निगाता भागातल्या डोंगराळ गावांतले भातशेती करणारे शेतकरी खाण्यासाठी हे मासे पाळत. त्यात मध्येच एखादं लाल-पांढरं पिल्लू निघे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी अशी पिल्लं वेगळी काढून पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. 1914 साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि मग देशभर त्यांचं वेड पसरलं.

हा मासा हौदात ठेवून वरून बघण्यासाठी जोपासलेला आहे, काचेच्या पेटीत बाजूने बघण्यासाठी नाही. त्यामुळे निवडतानाही वरूनच बघा. पांढऱ्या अंगावर लाल पट्टे म्हणजे कोहाकू. त्यावर थोडे काळे ठिपके आले की सांके. काळ्यावर लाल-पांढरं असेल तर शोवा. आणि पांढराशुभ्र मासा, डोक्यावर फक्त एक लाल गोल टिळा, तो तांचो. नावं पाठ नाही झाली तरी बिघडत नाही. जाणकार रंगाच्या आधी अंग बघतात. खांद्यापाशी भरलेलं, शेपटीकडे सावकाश निमुळतं होत गेलेलं, आणि पोहताना कुठेही हिसका न देणारं. 2018 साली हिरोशिमाच्या लिलावात एक मीटरहून लांब असलेल्या एका कोहाकूला 20 कोटी 30 लाख येन मोजले गेले. ते पैसे अशा अंगाचे आणि नितळ कातडीचे होते.

एकदा तरी मोठा कोई हाताशी आलेला अनुभवा. पाण्यात बोटं बुडवली की तो खालून वर येतो, तोंडाच्या कडेच्या चार मिशांनी आधी चाचपतो आणि मग मऊ ओठांनी बोट चोखून बघतो. तोंडात दात नसतात, असतात ते आत घशात. रोज एकाच वेळी खाणं घालणाऱ्या माणसाची चाहूल ही जनावरं ओळखतात. या माशाचा लळा लागतो तो यामुळेच. म्हणून पाळण्याचा निर्णय फार विचाराने घ्यायला हवा.

पिशवीतला चार इंची मासा आणि उद्याचा दोन फुटी

दुकानात कोई मिळतो तो बोटभर किंवा वीतभर. नीट पाणी आणि खाणं मिळालं तर तीन-चार वर्षांत तो दीड फुटावर जातो, पुढे दोन फूट ओलांडतो. पंचवीस-तीस वर्षं जगणं त्याला अवघड नाही. म्हणजे आज पहिलीतल्या मुलीसाठी आणलेला मासा तिच्या लग्नातही हौदात असू शकतो. हौदाचं माप त्या माशासाठी घ्यायचं, पिशवीतल्या माशासाठी नाही.

माझा हिशेब सोपा आहे. पूर्ण वाढलेल्या एका कोईला किमान हजार लिटर पाणी, आणि हौदाची खोली निदान साडेतीन-चार फूट. हौदाची लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून गुणा आणि आलेल्या आकड्याला 28.3 ने गुणा, लिटर मिळतील. आठ फूट लांब, सहा फूट रुंद, चार फूट खोल हौदात साधारण 5,400 लिटर पाणी मावतं. म्हणजे पाच कोई. दुकानदार वीस घ्या म्हणेल. पाचच घ्या.

आता तुमची जागा कोणती ते बघा:

- फ्लॅटची गॅलरी: कोई नको. कमळाचा टब, त्यात गप्पी मासे किंवा मोठ्या टबात दोन-तीन साधे गोल्डफिश ठेवा. ते सुंदर दिसतात आणि सुखाने जगतात.
- रो-हाउस किंवा बंगला, जमिनीवर मोकळी जागा: चार-पाच हजार लिटरचा हौद करता आला तर कोई जरूर पाळा.
- सोसायटीची बाग किंवा कंपनीचं आवार: दहा हजार लिटरच्या पुढचा हौद. पण एका ठरावीक माणसावर रोजची जबाबदारी टाकल्याशिवाय सुरुवात करू नका.

गॅलरीबद्दल इतकं ठाम का सांगतो? हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. राहत्या खोलीची स्लॅब साधारण दर चौरस मीटरला दोनशे किलो वापराचं वजन धरून बांधलेली असते, गच्चीची त्याहूनही कमी. मीटरभर खोल पाणी तेवढ्याच जागेवर हजार किलो भार टाकतं. गच्चीवर हौद करायचाच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. गच्ची सोसायटीची सामायिक जागा आहे, तिथे सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय एक वीटही ठेवू नका. नुसत्या सेक्रेटरींच्या तोंडी ‘चालेल’वर विसंबू नका. कमिटी बदलते, हौद तिथेच राहतो. आणि खालच्या घरात ओल उतरली तर निस्तरायची जबाबदारी तुमच्यावर येते.

हौद बांधताना

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि पाण्याचा पीएच दहाच्याही वर जातो. त्यात मासे सोडले की कल्ले आणि कातडी भाजल्यासारखी होतात. हौद भरा, तीन-चार दिवस ठेवा, रिकामा करा, आणि असं दोन-तीन आठवडे करत राहा. शेवटी पीएच साडेआठच्या खाली स्थिर राहिला की मगच पुढे जा. पिण्याच्या टाकीला चालणारा इपॉक्सी रंग आतून दिलात तर हा त्रास बराच वाचतो. त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद. खेड आणि मावळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांना तो चांगला परिचयाचा आहे.

फिल्टरवर पैसे वाचवू नका. मासे जी घाण करतात तिच्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विष आहे. फिल्टरमधल्या जपानी मॅटवर किंवा बायोबॉलवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नवीन हौदात एकदम सगळे मासे सोडले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते मरायला लागतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आधी दोन मासे सोडा आणि टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावर बाकीचे आणा. फिल्टरची मॅट नळाच्या पाण्याखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. हौदाचंच पाणी बादलीत घेऊन त्यात खळबळून काढा.

पंप असा घ्या की दोन तासांत निदान एकदा सगळं पाणी फिल्टरमधून फिरेल. साठ वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला साधारण 43 युनिट वीज लागते. हा खर्च कायमचा आहे, तो आधीच धरा. एअर पंप मात्र बॅटरीवर चालणारा किंवा इन्व्हर्टरला जोडलेला हवाच. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण हौदातल्या माशांचा विचार त्या वेळी कुणाच्या मनात येत नाही.

पाणी कुठलं वापरायचं?

या पट्ट्यातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून नळाला दिवसाआड पाणी येऊ लागलं. नव्या वस्त्यांत बोअर आणि टँकरवर भिस्त असते. कोईच्या हौदाचं दर आठवड्याला निदान दहा टक्के पाणी बदलावं लागतं. म्हणजे 5,400 लिटरच्या हौदाला आठवड्याला पाचशे लिटर. हे पाणी झाडांना घातलं तर वाया जात नाही, उलट झाडं जोमाने वाढतात. पण ज्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यात पिण्यासाठी टँकर मागवावे लागतात, तिथे कोईचा हौद करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी हंडे मोजत असताना आपण मासे बघत बसणं बरं नाही.

*महापालिकेचं पाणी.* उत्तम पाणी, पण त्यात क्लोरीन असतं. ड्रममध्ये भरून एअर पंप लावून एक-दोन दिवस ठेवलं की ते उडून जातं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरा, हजार लिटरला सात ते दहा ग्रॅम पुरतं. इथे एक धोका आहे. दुकानात आणि बोलण्यात याला ‘हायपो’ म्हणतात, आणि फवारणीच्या सोडियम हायपोक्लोराइटलाही लोक ‘हायपो’च म्हणतात. पहिलं क्लोरीन घालवतं, दुसरं क्लोरीनच आहे. दुसरं हौदात पडलं तर एकही मासा वाचणार नाही. बाटलीवरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

*बोअरचं पाणी.* आपला भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा, त्यामुळे पाणी बहुधा जड. कोईला त्याचा त्रास नाही. पण जमिनीतून थेट आलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. म्हणून पाइप हौदात बुडवून न ठेवता पाणी उंचावरून शिंतडत सोडा. कारखान्यांच्या जवळ असाल तर आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

*टँकरचं पाणी.* आज कुठल्या विहिरीतून आलं आणि उद्या कुठून येईल याचा भरवसा नाही. दर वेळी पीएच आणि क्लोरीन बघा, आणि एकदम न भरता थोडं थोडं घाला.

वर्षभर काय सांभाळायचं

उन्हाळा सगळ्यात कठीण. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच. त्यात पहाटेची वेळ धोक्याची, कारण रात्रभर माशांनी आणि शेवाळाने मिळून प्राणवायू वापरलेला असतो. पहाटे पाच-साडेपाचला हौदापाशी जा. मासे पृष्ठभागाला तोंड लावून भराभरा गिळल्यासारखं करत असतील तर त्यांना भूक लागलेली नाही, ते गुदमरत आहेत. अशा वेळी लोक खाणं टाकतात आणि प्रकरण आणखी बिघडतं. हवा वाढवा, थोडं ताजं पाणी सोडा आणि त्या दिवशी काही खायला घालू नका. एप्रिलपासून हौदावर हिरवी शेडनेट बांधा.

पावसाळ्यात छताचं पाणी हौदात येऊ देऊ नका. जादा पाणी जायच्या पाइपला जाळी लावा, नाहीतर एका रात्रीत मासे नाल्यात. सतत पाऊस लागला की पाण्याचा क्षार कमी होऊन पीएच अचानक घसरतो. खाण्याचा सोडा थोडा थोडा घालून तो सावरता येतो.

थंडीत खाणं निम्म्यावर आणा. पाच मिनिटांत संपेल तेवढंच खाणं घालायचं हा नियम मात्र बाराही महिने पाळा.

शत्रूही ओळखून ठेवा. खंड्या आणि ढोकरी लहान मासे उचलतात. त्यांच्यासाठी बारीक जाळी पुरते. हौदापाशी दिवड दिसला तर घाबरू नका, तो बिनविषारी आहे आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. सर्पमित्राला बोलवा. पाणी फिरतं असेल आणि मासे असतील तर हौदात डासांच्या अळ्या टिकत नाहीत. पण रिकाम्या पडलेल्या हौदात त्या होतात, आणि महापालिकेच्या पथकाला सापडल्या तर दंड भरावा लागतो.

खरेदी करताना, आणि मासे मेले तर

आपल्याकडे विकला जाणारा बराचसा कोई भारतातच वाढवलेला असतो. चेन्नईचं कोळत्तूर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तो वाईट नसतो. हौस म्हणून पाळायला तोच घ्या. ‘जपानी’ म्हणून चढा भाव सांगितला तर माशाच्या फोटोसह ब्रीडरचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर भाव देशी माशाचाच.

घेताना बघायच्या गोष्टी:

- ज्या टाकीत एकही आजारी मासा आहे, तिच्यातला कुठलाच घेऊ नका.
- पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसलेला, अंग घासणारा, खवले उभे राहिलेला मासा नको.
- अंगावर दोऱ्यासारखं काही लोंबतंय का बघा. तो अँकर वर्म.
- मासा तुमच्यासमोर खातो का ते बघा.

घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग मासा तेवढा काढून घ्या, पिशवीतलं पाणी टाकून द्या. नवा मासा किमान तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, हजार लिटरला तीन किलो साधं खडे मीठ घालून. हे ऐकून बरेच जण कंटाळतात. पण कोई हर्पीस नावाचा विषाणू साधारण 16 ते 28 अंशांच्या पाण्यात उसळतो, आणि त्यावर औषध नाही. आपल्याकडे थंडीतलं पाणी नेमकं तेवढंच असतं. एका नव्या माशापायी दहा वर्षांचे जुने मासे जाऊ शकतात.

आता हक्कांचं. बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत न घेणं हीसुद्धा, आणि बिलात मुदत नसेल तर तीस दिवस धरले जातात. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका. मासे ताब्यात घेताना आणि मेल्यावर व्हिडिओ काढा, त्या दिवशीच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे लिहून ठेवा. आधी दुकानदाराशी बोला, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते, आणि खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क लागत नाही. पण मासे तुमच्या कच्च्या हौदात अमोनियाने मेले असतील तर तो दुकानदाराचा दोष नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करा.

कंपनीच्या आवारातला हौद

चाकण, भोसरी, तळेगावच्या अनेक कारखान्यांत सांडपाणी प्रक्रियेच्या शेवटी एक टाकी असते आणि तिच्यात मासे सोडलेले असतात. पाहुणे आले की ‘बघा, आमच्या पाण्यात मासे जगतात’ म्हणून ती टाकी दाखवतात. ज्यांच्याकडे हे काम आहे त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं की कार्प जातीचा मासा फार चिवट असतो. ज्या पाण्यात दुसरे मासे तग धरणार नाहीत त्यात तो महिनोन्‌महिने तसाच काढतो, खंगत. तो जिवंत आहे यावरून पाणी मानकांत बसतं असं सिद्ध होत नाही. ते प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच ठरतं, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळही तोच मागतं. शोभेसाठी कोई हवे असतील तर त्यांना वेगळा हौद, वेगळा फिल्टर आणि स्वच्छ पाणी द्या.

दुसरी अडचण सुट्ट्यांची. गुरुवारची साप्ताहिक सुटी, दिवाळीचा आठवडा, वार्षिक शटडाउन. मेन स्विच बंद करताना हौदाचा पंपही बंद होतो. पंपाची लाइन वेगळी घ्या, ती जनरेटरच्या सर्किटवर टाका, आणि सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक शिफ्टला ‘हौदाचा पंप चालू’ अशी एक नोंद लावा. सुटीत चार-पाच दिवस खाणं नाही मिळालं तर मोठ्या कोईला काही होत नाही. तासाभराच्या बंद हवेने मात्र होतं.

सांभाळणं जमेना तर

बदली होते, घर बदलतं, म्हातारपणी हौद आवरत नाही. अशा वेळी पुष्कळ जण मासे पवनेत किंवा इंद्रायणीत सोडतात, आणि पुण्य केल्याच्या समाधानाने घरी येतात. कृपा करून असं करू नका. कार्प हा परका मासा. 1939 साली श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला, पुढे देशभर पसरला. तो तळाचा गाळ उकरतो, पाणी गढूळ करतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो. हौदातला रोगही तो सोबत नेतो.

आपल्या नद्यांचा स्वतःचा राजबिंडा मासा आहे. देहूच्या इंद्रायणीच्या डोहात वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला महासीर. या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1839 साली साइक्स यांनी केलं, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. लोणावळ्याच्या वळवण धरणापाशी टाटा पॉवर 1970 च्या दशकापासून या माशाची पैदास करून बीज नद्या-तलावांत सोडत आली आहे. त्या पाण्यात आपले हौसेचे मासे सोडायचा आपल्याला अधिकार नाही.

नको झालेला कोई ज्या दुकानातून आणला तिथे परत द्या, मोठा हौद असलेल्या ओळखीच्या माणसाला द्या, किंवा बंदिस्त हौद असलेल्या एखाद्या संस्थेला विचारा. फुकट द्या म्हटलं की न्यायला माणूस मिळतोच. तो मिळेपर्यंत मासा तुमच्याच हौदात राहू द्या.